दोन तबकड्या आणि एक गिऱ्हाईक



कारखान्याच्या फाटकासमोर उभे राहून बोलायची आम्हाला सवय आहे. या व्यासपीठावर जीभ थोडी जड होते. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या पॅसेंजर गाडीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. चालकांनी ‘गिऱ्हाईक आणि बाजार’ हा विषय दिला तेव्हा आम्ही महागाईवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. पण महागाईवर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्ही आज एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. घरी बसून चित्रपट पाहण्याची तबकडी.

आमच्या युनियनमधले एक जुने सहकारी आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरी करतो. २००७ च्या दिवाळीत त्याने हौसेने एक नवे यंत्र घेतले आणि बरोबर वीस-बावीस तबकड्या. साडेतीन महिन्यांत त्या जातीच्या यंत्रांचा धंदाच बंद झाला! पुढे तो सुटीवर आला तेव्हा त्यातली एक तबकडी वडिलांना दाखवायला घेऊन आला. लाल रंगाची डबी, आत आरशासारखी चकचकीत तबकडी. आमच्या सहकाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “अरे, हिला चरा नाही, तडा नाही. मग हिला झालंय काय?” मुलगा म्हणाला, “बाबा, हिला काही झालेलं नाही. हिची बाजू हरली.”

हे उत्तर आम्ही त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले. वस्तू बिघडते, झिजते, मोडते, हे आम्ही जन्मभर पाहिले. धडधाकट वस्तू एका रात्रीत भंगार होते, आणि तीही गिऱ्हाइकाचा काडीचा दोष नसताना, हा प्रकार काय आहे ते समजून घ्यावे असे आम्हाला वाटले.

आधी वस्तू कशी चालते ते पाहू. तबकडीवर अतिसूक्ष्म खळगे असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. किरणाची तरंगलांबी जितकी आखूड तितके खळगे बारीक करता येतात, आणि तितका मजकूर जास्त मावतो. साध्या डीव्हीडीचा किरण तांबडा, ६५० नॅनोमीटरचा. तिच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात. पुढे ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा किरण हाती आला आणि त्याच आकाराच्या तबकडीत कितीतरी पट जास्त आणि स्वच्छ चित्र भरण्याची सोय झाली.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्यासारख्या माणसाला ते टाळता येत नाही. निळ्या प्रकाशाच्या या कामात शुजी नाकामुरा यांचा मोठा वाटा. ते जपानातल्या निचिया कंपनीचे पगारी नोकर. त्यांच्या निळ्या दिव्याच्या पेटंटाबद्दल कंपनीने त्यांना सुमारे २०,००० येन दिले होते. पुढे ते न्यायालयात गेले. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने त्यांना २,००० कोटी येन द्यावेत असा निकाल दिला, आणि २००५ साली सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. २०१४ साली त्यांना इतर दोघांबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. किरण एका पगारदाराने शोधला, भांडले मात्र मालक. असो.

तर किरण एकच, पण त्याच्यावर पंथ दोन निघाले. एकीकडे सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक वगैरे मंडळींची ‘ब्लू-रे’. दुसरीकडे तोशिबा आणि एनईसी यांची ‘एचडी डीव्हीडी’. ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. मग पहिलीच चांगली, असे कोणीही म्हणेल. पण कारखान्यात काम केलेला माणूस दुसरे एक विचारील. तबकडीतला मजकुराचा थर पृष्ठभागापासून किती आत आहे? एचडी डीव्हीडीत तो जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत होता, म्हणून जुनीच यंत्रसामग्री थोडी फेरफार करून वापरता येत होती. ब्लू-रेत तो ०.१ मिलिमीटरवर, म्हणजे उत्पादनाची नवी साखळी उभारणे आले. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. दोघांनी एकत्र बसून मेळ घालण्याची बोलणीही २००५ साली झाली आणि फिसकटली. मालकामालकांची बोलणी फिसकटली तर नुकसान कोणी सोसायचे, हे ठरलेलेच असते.

एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचे यंत्र अमेरिकेच्या बाजारात आले, किंमत ४९९ डॉलर. जूनमध्ये सॅमसंगचे ब्लू-रे यंत्र आले, सुमारे १,००० डॉलर. एवढ्यावर भागले असते तर गिऱ्हाइकाने तुलना करून एक निवडले असते. पण चित्रपट कंपन्याही वाटून घेतलेल्या! युनिव्हर्सलचे चित्रपट फक्त एचडी डीव्हीडीवर. सोनी, डिस्ने आणि फॉक्स यांचे फक्त ब्लू-रेवर. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हींवर. म्हणजे ज्या घरात नवऱ्याला एका कंपनीचा चित्रपट हवा आणि मुलांना दुसऱ्या कंपनीचा, त्या घरात यंत्रे दोन घ्यावीत, नाही तर भांडण करावे. त्यातून ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटने ब्लू-रे सोडून एचडी डीव्हीडीची बाजू धरली. या पक्षांतरामागे १५ कोटी डॉलरचे आमिष होते असे न्यूयॉर्क टाइम्सने छापले. ‘आयाराम गयाराम’ फक्त आमच्याच विधानसभांत असतात असे नव्हे.

गिऱ्हाइकाची सोय म्हणून काही तोडगे निघाले. एलजीने २००७ साली दोन्ही वाचणारे यंत्र आणले. किंमत सुमारे १,२०० डॉलर. म्हणजे भांडण तुमचे आणि त्याचा दंड आम्ही भरायचा. वॉर्नरने एका अंगाला ही आणि दुसऱ्या अंगाला ती अशी जोडतबकडी जाहीर केली. ती बाजारात आलीच नाही.

आता गिऱ्हाइकाने काय केले? बहुसंख्य गिऱ्हाइकांनी काहीच केले नाही! ते थांबले. जुनी डीव्हीडी चालू आहे, चित्र बरे दिसते, या दोघांचे काय ते ठरू दे, मग बघू, असे म्हणून त्यांनी खिशातला हात बाहेरच काढला नाही. आम्ही याला न पुकारलेला संप म्हणतो. आणि या संपाचा दणका बसला. वॉर्नरने पुढे बाजू निवडली तेव्हा, दोन पद्धतींमुळे गिऱ्हाईक गोंधळले आहे आणि धंदा अडला आहे, हेच कारण सांगितले.

परंतु बंधूंनो, ज्या संपाला मागण्यांचा खलिता नाही, वाटाघाटीला बसणारा प्रतिनिधी नाही आणि जो संपला हे जाहीर करणारा कोणी नाही, त्या संपाचे फळ दुसराच कोणीतरी घेऊन जातो. येथेही तसेच झाले. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असे जाहीर केले. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय, वॉलमार्ट एकामागून एक त्याच बाजूला गेले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने धंदा बंद केल्याचे सांगितले. सेहेचाळीस दिवसांत निकाल! या सेहेचाळीस दिवसांत गिऱ्हाइकाला कोणी एक अक्षर विचारले नाही. ज्यांनी आधीच विश्वासाने पैसे टाकले होते त्यांना बेस्ट बायने ५० डॉलरचे खरेदीपत्र दिले. ते वाईट नाही. पण ते त्याच दुकानात खर्च करायचे. पुढे वॉर्नरने जुन्या तबकडीच्या बदल्यात नवी देण्याची योजना काढली, दर तबकडीमागे ४ डॉलर ९५ सेंट आणि टपालखर्च वेगळा.

येथे कोणी म्हणेल, स्पर्धेमुळे किमती उतरतात ना? उतरतात, हे आम्ही मान्य करतो. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने तोशिबाचे यंत्र शंभर डॉलरच्या आत विकले आणि लोकांची झुंबड उडाली. पण स्पर्धा दोन तऱ्हेची असते. विजेचा दिवा घ्या. दिवा कोणत्याही कंपनीचा आणा, घरच्या होल्डरमध्ये बसतो. कंपन्या किमतीवर भांडतात, टिकाऊपणावर भांडतात, आणि त्या भांडणाचा फायदा आपल्याला होतो. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक कंपनी आपला होल्डर वेगळा करते आणि म्हणते, आधी होल्डर घ्या, मग जन्मभर आमचाच दिवा. या स्पर्धेत बाजी लागते ती गिऱ्हाइकाच्या पैशाची. झुंबडीत स्वस्त मिळालेले ते यंत्र तीन महिन्यांनी कोणाच्या गळ्यात राहिले?

ही गोष्ट काही पहिलीच नव्हती. अमेरिकेत आरसीए या बलाढ्य कंपनीने जवळजवळ सतरा वर्षे खपून १९८१ साली सुई आणि खाचेवर चालणारी चित्रतबकडी आणली. बाजारात लेसरची तबकडी १९७८ पासून होतीच. दोघींचे एकमेकींशी जुळत नव्हते, आणि दोघींवरही घरी मुद्रण करता येत नव्हते. लोकांनी मुकाट्याने व्हिडिओ कॅसेटचे यंत्र घेतले. १९८४ साली आरसीएने यंत्रांचे उत्पादन थांबवले. तोटा ५८ कोटी डॉलर. ती यंत्रे इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या कारखान्यात जोडली जात. त्या कारखान्याचा इतिहास आम्ही आवडीने वाचला आहे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमधून काम तिथे स्वस्त मजुरीसाठी नेले होते, आणि पुढे मेक्सिकोत नेले. १९९८ साली ब्लूमिंग्टनला कुलूप लागले. तिथल्या जोडणीच्या ओळीवर बहुतेक बायकाच असत. घरी त्या गिऱ्हाईक होत्या आणि कारखान्यात कामगार. बाजू निवडण्याचा अधिकार त्यांना दोन्हीकडे नव्हता.

१९९८ साली सर्किट सिटी या दुकानदाराने तर डिव्हिक्स नावाची तबकडी काढली. साडेचार डॉलरला घ्या, ४८ तास पाहा, पुढे पाहायची तर टेलिफोनच्या तारेवरून पुन्हा पैसे भरा. वस्तू तुमच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. वर्षभरात ती बुडाली, त्याचे आम्हाला दुःख नाही.

आता जी गोष्ट सांगायला आम्ही मुद्दाम आलो ती सांगतो. साध्या डीव्हीडीच्या जन्माआधीही असेच दोन पंथ होते. सोनी आणि फिलिप्स एका बाजूला, तोशिबा आणि तिचे सोबती दुसऱ्या बाजूला. तेव्हा मात्र युद्ध झाले नाही. का? १९९५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पाच संगणक कंपन्या एकत्र आल्या: आयबीएम, ॲपल, कॉम्पॅक, ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट. त्यांना संगणकात बसवायला ही तबकडी हवी होती, म्हणजे त्याही गिऱ्हाईकच. त्यांनी दोन्ही बाजूंना कळवले की एक पद्धत ठरवा, नाहीतर दोघांवरही बहिष्कार. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर मध्यस्थीला बसले. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात एकच डीव्हीडी विक्रीला आली, आणि ती जगभर घरोघर पोहोचली.

पाहा, हत्यार तेच होते. २००६ साली लाखो गिऱ्हाइकांनी वापरले तेच, खरेदी न करण्याचे. फरक एवढाच की १९९५ साली ते वापरणाऱ्यांनी आधी सभा घेतली होती. भांडवलदारांना हे सुचते. आम्हा साध्या गिऱ्हाइकांना ते भाबडेपणाचे वाटते.

वास्तविक ते आपल्याला अपरिचित नाही. आम्ही लहान होतो तेव्हा चाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणायचे आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट पाहायचे. दुकानदाराशी भाव ठरवायला चाळीतली थोर मंडळी जात. एकट्यादुकट्याला त्याने तो भाव दिला नसता. आणि मोठे उदाहरण हवे तर, बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच. मुंबईत ग्राहक पंचायतीची कुटुंबे संघ करून महिन्याचे सामान एकत्र घेऊ लागली. डाळ-तांदळाला जे चालले ते यंत्राला का चालू नये?

सरकारने मनावर घेतले तर काम आणखी सोपे होते. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनला एकाच जातीचे चार्जिंगचे भोक हवे, असा कायदा लागू आहे. वर्षानुवर्षे कंपन्या म्हणत होत्या की याने संशोधन खुंटेल. ते काही खुंटलेले दिसत नाही, आणि आमच्या घरच्या खणातल्या निरुपयोगी वायरींचा गुंता पाहिला की हा कायदा आपल्याकडे आधी का झाला नाही असे वाटते.

जिंकलेल्या ब्लू-रेचे तरी काय झाले? तिचा जम बसतो न बसतो तोच तारेवरून चित्रपट घरी येऊ लागले. तोशिबा २००९ साली ब्लू-रेच्याच मंडळात सामील झाली आणि तिने स्वतःचे ब्लू-रे यंत्र काढले. मालक बाजू बदलू शकतो. वीस-बावीस तबकड्या घेतलेला माणूस ती कशी बदलणार? आणि तबकडीच्या टिकाऊपणाची कथा वेगळीच. २००६ ते २००८ च्या दरम्यान तयार झालेल्या काही डीव्हीडी आपोआप खराब होत असल्याचे वॉर्नरने २०२५ साली मान्य केले.

सहकाऱ्यांच्या घरी आलेली ती तबकडी मात्र अजून चकचकीत आहे. परवा आम्ही गेलो होतो तेव्हा त्यांची नात त्या तबकडीवर उन्हाचा कवडसा धरून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडत होती. आम्ही तिला विचारले, यात काय आहे? ती म्हणाली, “आजोबा म्हणतात सिनेमा आहे, पण तो कोणालाच दिसत नाही.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही शेवटची गाडी सुटेपर्यंत येथेच आहोत.