वादळ, अनित्यता आणि माणसाचे कर्तव्य



अनित्यतेवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. आज आम्ही तिचे एक दूरदेशीचे उदाहरण आपल्यापुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, गव्हाच्या सपाट माळरानावर ग्रीन्सबर्ग नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव होते. हातांनी खोदलेली १०९ फूट खोल विहीर ही त्याची ओळख. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास तेथे टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखे गरगरणारे वादळ, शिरले. त्याची रुंदी अडीच किलोमीटरांहून जास्त होती. काही मिनिटांत सुमारे ९५ टक्के गाव जमीनदोस्त झाले. घरे, शाळा, इस्पितळ, काही उरले नाही.

हा देवाचा कोप होता काय? पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होते काय? मुळीच नाही. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उष्ण, दमट हवा, पश्चिमेकडील कोरडी हवा आणि उंचीनुसार दिशा व वेग बदलणारे वारे एकत्र आले की अशी वादळे जन्मतात. कारण आहे म्हणून कार्य आहे, हाच तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद. कारण कळले की उपायही सापडतो. हवामान खात्याने आधीच इशारा दिला, भोंगे वाजले, लोक तळघरांत उतरले. दहाहून अधिक माणसे दगावली, हे दुःख थोडे नव्हे. परंतु बाकीचे गाव वाचले ते नवसाने नव्हे, तर ज्ञानाने आणि वेळीच केलेल्या कृतीने.

पुढे गावकऱ्यांनी तंबूत सभा घेतल्या. नगराच्या मोठ्या इमारती पर्यावरणरक्षणाच्या सर्वोच्च कसोटीला उतरतील अशाच बांधायच्या, असा ठराव झाला. गावाबाहेर दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या वाऱ्याने घरे नेली, त्याच वाऱ्यापासून वीज मिळू लागली.

तरीही सर्व पूर्ववत झाले नाही. २००० च्या जनगणनेतील १,५७४ लोकसंख्या २०१० मध्ये ७७७ वर आली. इमारती उभ्या राहिल्या, तरी गेलेली सगळी माणसे परतली नाहीत. म्हणून संकटग्रस्तांना मदत करताना केवळ छपराचा नव्हे, तर त्यांच्या रोजगाराचा, मुलांच्या शिक्षणाचा विचार आधी झाला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, अनित्यता म्हणजे 'व्हायचे ते होणारच' असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे नव्हे. सर्व काही बदलते, म्हणूनच माणसाच्या प्रयत्नाला अर्थ आहे. प्रज्ञेने कारण शोधा, करुणेने शेजाऱ्याला हात द्या आणि संघटितपणे उभे राहा, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!