मिठाची माती



युद्ध आणि स्त्रिया हा विषय निघाला की आपण बलात्कार, विस्थापन, वैधव्य यांवर बोलतो. ते बोललंच पाहिजे. आज मी बोलणार आहे समुद्रावरच्या नाकेबंदीबद्दल. तिच्यात रक्त कमी सांडतं, म्हणून लष्करी पुस्तकांत तिला सौम्य हत्यार मानतात. मला ती स्वयंपाकघरातून बघायची आहे.

अमेरिकेतलं यादवी युद्ध घ्या. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी त्यांच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा. दक्षिणेचा कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही, शस्त्रं आणि माल आत येऊ द्यायचा नाही. (तो कापूस अडला म्हणून आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध संपताच मुंबईतले शेअरवाले बुडाले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. तिकडच्या बायकांचं काय झालं, हे विचारत कोण?)

दक्षिणेत मीठ बरंचसं बाहेरून यायचं. मीठ नाही म्हणजे मांस टिकत नाही, म्हणजे हिवाळ्याची बेगमी नाही. तेव्हा बायकांनी मांसाला धुरी देण्याच्या खोलीतली जमीन खणली. वर्षानुवर्षं मीठ झिरपलेली ती माती पाण्यात कालवली, गाळली, आटवली आणि त्यातून मीठ काढलं. भेंडीच्या बिया भाजून कॉफी केली. पुरुष लढाईवर होते. हे सगळं 'घरकाम'च म्हणायचं!

२ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडमध्ये, म्हणजे बंडखोरांच्या राजधानीतच, बायका रस्त्यावर आल्या. पुढे होती बाजारात विक्री करणारी मेरी जॅक्सन. गव्हर्नरकडे गेल्या, समाधान झालं नाही, तेव्हा त्यांनी दुकानं फोडली. जेफरसन डेव्हिस यांनी गोळीबाराची धमकी दिली, तेव्हा जमाव पांगला. वर्तमानपत्रांना सांगण्यात आलं, हे छापू नका.

सगळा दोष नाकेबंदीचा नव्हता. लष्कर शेतकऱ्यांचं धान्य उचलत होतं, नोटांना किंमत उरली नव्हती, व्यापारी साठे करत होते. नाकेबंदी चुकवून येणाऱ्या जहाजांत रेशीम आणि ब्रँडीही असायची, कारण नफा त्यात! ऐषारामाच्या मालावर बंदी आली ती थेट १८६४ मध्ये.

इथे थांबले असते तर भाषण सोपं झालं असतं. नाकेबंदी म्हणजे बायकांची उपासमार, असा ठराव करून आपण चहाला उठलो असतो. पण आत्तापर्यंत मी बहुतेक गोऱ्या बायकांबद्दलच बोलले. कापड मिळेना तेव्हा मळ्यांवर सूत कातण्याचं जास्तीचं काम गुलाम बायकांच्याच माथी आलं. आणि तरीही त्यांच्यातल्या काहींना किनाऱ्यापलीकडची तीच जहाजं सुटकेची वाट वाटली.

१३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्सटन बंदरातून रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने बंडखोरांचं 'प्लँटर' जहाज पळवलं. बरोबर त्याची बायको हॅना, मुलं आणि इतर कुटुंबं होती. किल्ल्याच्या तोफांखालून जहाज निघालं आणि नाकेबंदी करणाऱ्या ताफ्याकडे गेलं. तिथूनही गोळा सुटण्याची भीती होतीच. हॅना हॉटेलात काम करणारी बाई. शरण येत असल्याची खूण म्हणून जहाजावर जे पांढरं निशाण चढवलं, ती पलंगावरची चादर होती.