गोठ्यापासून ग्राहकापर्यंत

कच्च्या मालाच्या खरेदीपासून तयार वस्तूच्या विक्रीपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एकाच संस्थेने आपल्या हाती घेणे, यास अर्थशास्त्रात उभे एकत्रीकरण म्हणतात. आणि त्याचे बोधप्रद उदाहरण चेन्नई शहरात आढळते.

१९७० साली आर. जी. चंद्रमोगन या तरुणाने तेथील रायपुरम भागात अवघ्या १३,००० रुपयांच्या भांडवलावर बर्फाच्या कांड्यांचा लहानसा कारखाना काढला. त्यातून पुढे 'अरुण' आइस्क्रीम व 'हॅट्सन' ही कंपनी उदयास आली. आणि १९९५ साली 'आरोक्या' दुधाची विक्री सुरू झाल्यावर खेड्यातील थेट दूधखरेदी, पशुखाद्य, शीतकरण आणि स्वतःच्या नाममुद्रेची दुकाने अशी एकेक कडी या साखळीस जोडली गेली.

यामागील कारण दुधाच्या नाशवंत प्रकृतीतच आहे. पहाटे संकलनकेंद्रावर किटली रिकामी होते, स्निग्धांश तपासला जातो, त्यानुसार हिशेब मांडला जातो, आणि दूध सत्वर चार अंशांच्या आसपास थंड केले जाते. यात कोठे विलंब झाला, तर नुकसान सर्वांचेच.

मात्र साखळी जितकी अखंड, तितके शेतकऱ्याचे एकाच खरीददारावरील अवलंबनही वाढते. याउलट आपल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात ऊस पिकविणारा सभासद हाच कारखान्याचा मालक ठरला. म्हणून एकत्रीकरण कितीही कार्यक्षम असो, त्याच्या लाभात उत्पादकाचा न्याय्य वाटा आहे किंवा नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.