अखेरच्या दिवसाचा संवाद
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिसाला देहान्ताची शिक्षा फर्माविली. परंतु डेलॉस बेटाकडे गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत नगरात कोणाचाही वध करावयाचा नाही, असा तेथील दंडक होता. त्यामुळे त्याला काही काळ बंदिवासात राहावे लागले. त्या बंदिवासातील अखेरचा दिवस प्लेटोने ‘फीडो’ या संवादात चित्रित केला आहे. आजारपणामुळे प्लेटो स्वतः तेथे नव्हता, असे त्याच ग्रंथात सुचविले आहे. म्हणून तो शब्दशः इतिहास न मानता, गुरूच्या मरणाविषयी शिष्याने केलेले चिंतन म्हणून वाचणे उचित होय.

तत्त्वचिंतन हा मरणाचाच अभ्यास आहे आणि आत्मा अमर आहे, असे सॉक्रेटिस प्रतिपादन करतो. थीब्जहून आलेल्या सिमियास आणि सेबीज या दोघा तरुणांचे समाधान होत नाही. सूर्यास्ताला ज्याला विष प्यावयाचे आहे, त्याच्यासमोर ही शंका काढावी कशी, असा त्यांना संकोच वाटतो. सॉक्रेटिसच त्यांना बोलते करतो.

सिमियास म्हणतो, वीणेतील स्वरमेळ अदृश्य आणि सुंदर असतो. पण वीणा मोडली की तोही लोपतो. आत्मा तसाच नसेल कशावरून? सेबीज विणकराचा दाखला देतो. विणकर आयुष्यात अनेक वस्त्रे झिजवितो, तरी अखेरचे वस्त्र त्याच्यामागे उरतेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वस्त्रांचा दृष्टान्त मराठी वाचकांना परिचित आहे. तेथे तो आत्म्याच्या अविनाशित्वाची ग्वाही देतो. येथे तशाच दृष्टान्तातून नेमकी उलट शंका उभी राहते.

सारे खिन्न होतात. ग्रीकांत शोकप्रसंगी केस कापण्याची चाल होती. फीडोच्या केसांवरून हात फिरवीत सॉक्रेटिस म्हणतो की, आपला युक्तिवाद मेला आणि तो पुन्हा जिवंत करता आला नाही, तर आपण दोघांनी आजच केस कापले पाहिजेत. माणसांकडून फसलेला मनुष्य मानवजातीचा द्वेष करू लागतो. तसा विचाराचाच द्वेष करणे याहून मोठी आपत्ती नाही, असा इशाराही तो देतो.

मग तो उत्तरे देतो. स्वरमेळ तारांच्या अधीन असतो. आत्मा तर देहाच्या वासनांना आवर घालतो. अग्नी जसा शीतलतेला थारा देत नाही, तसा जीवन देणारा आत्मा मृत्यूला थारा देत नाही. तरीही सिमियासच्या मनात किंचित संदेह उरतो. सॉक्रेटिस रुष्ट होत नाही. मूळ गृहीतकेच पुन्हा तपासावीत, असे तो सांगतो.

पुढे एपिक्युरसाने (इ. स. पू. ३४१–२७०) आत्माही अणूंचाच बनलेला व नश्वर मानला, आणि म्हणूनच मृत्यूचे भय व्यर्थ ठरविले. हा वाद ग्रीसमध्ये मिटला नाही. तो कोणत्याही बाजूने सुटो. विषाचा प्याला येण्यापूर्वीचे प्रहर सॉक्रेटिसाने स्वतःच्या सर्वांत मोठ्या आशेविरुद्धचे आक्षेप ऐकण्यात घालविले, एवढे मात्र ‘फीडो’च्या वाचकाला विसरता येत नाही.