गीझरचा पाइप आणि माझी सही
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं दिली आहेत. माजी खजिनदार म्हणून पंचवीस वर्षांचा हिशोब सांगावा अशी अपेक्षा असेल, पण मी एकाच व्हाउचरबद्दल बोलणार आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्या बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरांनी उच्छाद मांडला होता. घाण, पिसं, वास. सभेत ठराव झाला आणि डक्ट वरून फायबरच्या शीटने बंद केला. काम स्वस्तात झालं म्हणून माझं कौतुकही झालं. चेकवर सही माझीच होती.

त्या डक्टमध्ये आठ घरांच्या गॅस गीझरचे पाइप सोडलेले होते. हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या शाखांत इन्स्पेक्शन करत हिंडलो!

पुढच्याच थंडीत आमची ही आंघोळीला गेली. खिडकीची काच बंद, गीझर आतच. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारच्या मुलाने दरवाजाला खांदा लावला तेव्हा कडी तुटली. ही जमिनीवर पडलेली आणि गीझर चालूच. आम्ही तिला हॉलमध्ये आणून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि हॉस्पिटल गाठलं. ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात गॅस गीझर आहे का?"

ती आज पहिल्या रांगेत बसली आहे आणि "आटपा आता" अशी खूण करते आहे. पण थोडं सांगूनच बसतो.

गॅस नीट जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. ती गरम हवा पाइपातून वर चढून बाहेर पडली पाहिजे. वाट बंद असली की ती उलटी खोलीत येते, ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळल्यावर तो उरत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. आपण म्हणतो, पित्त झालं असेल. ही तर त्याआधी आठ दिवस तेच म्हणत होती, आणि मी तिला आवळ्याची गोळी देत होतो.

शीट दुसऱ्या दिवशी काढली, बाजूंनी जाळी बसवली. पण पाइप? मागच्या महिन्यात सेक्रेटरींबरोबर काही घरं पाहिली. एका ठिकाणी पाइपाचा सांधा चिकटपट्टीने गुंडाळलेला. पट्टी उष्णतेने करपलेली! एका ठिकाणी नवीन टाइल्स बसवताना पाइप खाली वाकवून बाहेर काढलेला. गरम हवा खाली कशी जाईल? वाफेचं पाणी अशा वळणात साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग मारला की चकचकीत दिसतो, बुडीत कर्जासारखा. तिसऱ्या घरी टोपीच नव्हती, आत काड्या आणि पिसं. आणखी एक. बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे झालं, असं समजू नका. हवा यायला जागा नसेल तर तोच पंखा पाइपातली हवा आत ओढतो.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, की गीझर बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. शक्य असेल त्यांनी गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत घ्यावा, पाइपासकट. आणि कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवा.

"पाइप ज्याचा त्याचा, सोसायटीने खर्च का करायचा?" हे वाक्य कमिटीत मीच अनेकदा बोललोय, म्हणून उत्तर मीच देतो. पाइप तुमचा, पण डक्ट सगळ्यांचा. खालच्या घरातला धूर वरच्या बाथरूममध्ये शिरू शकतो. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर थंडी सुरू होण्याआधी तपासणी व्हावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे.

पण या वर्षीची तपासणी त्यासाठी थांबवायची नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मेकॅनिक येतोय. ड्राय बाल्कनीतल्या बादल्या आणि रद्दी तेवढी हलवून ठेवा, त्याला हात घालायला जागा लागते. सुरुवात ए विंग, पहिला मजला. म्हणजे आमच्याच घरापासून. चहा आहे.