मालगाडीचा प्रवास आणि आपला नाशवंत माल
(कळंब, ता. वसई येथील बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळंब, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातील भाजी आणि फुले पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. सकाळी माल गेला की दुपारी पट्टी हातात येते. परंतु केळी किंवा नागवेलीचे पान दिल्ली-जयपूरच्या बाजारात पाठवायचे म्हटले, की पहिला प्रश्न निघतो, "रेल्वेने माल वेळेवर पोचेल का?" मालगाडी लांबच्या पल्ल्यावर कशी चालवतात हे समजून घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर आपले आपल्याला काढता येईल.

वेळ धावण्यात जात नाही, थांबण्यात जातो

वसई रोडहून दिल्ली सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा, मथुरा या मार्गाने सुमारे १,३५० किलोमीटर आहे. भरलेली मालगाडी ताशी ७५ किलोमीटर वेगाने धावू शकते. या वेगाने न थांबता गेली, तर १८ तासांत दिल्ली येईल. प्रत्यक्षात आपल्या देशात मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला आहे. म्हणजे तोच प्रवास ५४ तासांचा होतो. मधले ३६ तास जातात कुठे?

पहिले कारण मार्गाचे. त्याच रुळांवरून मेल, एक्स्प्रेस आणि लोकलही धावतात. प्रवासी गाडीला वेळापत्रक असते. सामान्य मालगाडीला तसे बांधलेले वेळापत्रक नसते. विभागीय कार्यालयात बसलेला नियंत्रक पुढची वाट मोकळी पाहून तिला सोडतो. मागून वेगवान गाडी येत असली, की मालगाडी बाजूच्या मार्गावर, म्हणजे लूप लाइनवर, घेतली जाते. पुढचा सिग्नल मिळेपर्यंत ती तिथेच उभी राहते. विरारच्या उत्तरेला डहाणूकडे दोनच मार्गांवर सर्व वाहतुकीचा भार पडत आला. म्हणूनच तिथे चौपदरीकरणाचे काम हाती घेण्यात आले.

दुसरे कारण माणसांचे. एकच लोको पायलट गाडी दिल्लीपर्यंत नेत नाही. कामाचे तास भरले, की ठरलेल्या ठिकाणी लोको पायलट आणि गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) उतरतात व दुसरी जोडी चढते. ती जोडी तयार नसेल, तर गाडी खोळंबते.

तिसरे कारण तपासणीचे. गाडी भरल्यावर सर्व वाघिणींचे ब्रेक तपासून दाखला दिला जातो, त्याशिवाय गाडी हलत नाही. हा वेळ वाया गेला असे समजू नये. हजारो टनांची गाडी उतारावर थांबवायची, ती या ब्रेकच्याच भरवशावर.

रेक म्हणजे काय

खताच्या हंगामात "रेक लागला" हे शब्द आपण ऐकतो. रेक म्हणजे एकत्र जोडून चालवलेली पूर्ण गाडी. बंद वाघिणींच्या एका रेकमध्ये साधारण ४२ वाघिणी असतात आणि सुमारे २,६०० टन खत मावते. ४५ किलोच्या गोण्यांत मोजले, तर ५७ हजारांहून अधिक गोण्या झाल्या. रेल्वेला अशी पूर्ण गाडी एका ठिकाणी भरून दुसऱ्या ठिकाणी रिकामी करणे परवडते. युरिया थोडा थोडा न येता एकदम येतो, त्याचे एक मोठे कारण हेच. माल उतरवायला ठरावीक मोकळा वेळ मिळतो. त्यापुढे वाघिणी अडकल्या, तर तासागणिक विलंब आकार बसतो.

खत, धान्य, सिमेंट दोन दिवस उशिरा आले, तर गैरसोय होते, परंतु माल सडत नाही. आपले पान आणि केळी सडतात. तेव्हा सामान्य मालगाडी ही आपल्या नाशवंत मालाची गाडी नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

किसान रेलने दाखवलेला मार्ग

७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला पहिली किसान रेल सुटली. १,५१९ किलोमीटरचे अंतर सुमारे ३२ तासांत कापायचे, असे तिचे वेळापत्रक होते. सामान्य मालगाडीच्या सरासरी वेगाने याच अंतराला ६० तास लागले असते. फरक पडला तो गाडीला वेळापत्रक दिल्यामुळे. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे शंभरावी किसान रेल गेली.

या गाडीत पूर्ण रेक भरण्याची अट नव्हती. वाटेतल्या स्थानकांवर थोडा थोडा माल चढवता-उतरवता येत होता. सुरुवातीच्या काळात फळे-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलतही होती. मात्र सवलत कायमची नसते. पूर्ण भाडे धरून हिशेब बसत असेल, तरच रेल्वेचा विचार करावा.

एकट्याने नव्हे, गटाने

नाशवंत मालासाठी पार्सल व्हॅन वापरतात. मोठ्या क्षमतेच्या एका पार्सल व्हॅनमध्ये सुमारे २३ टन माल बसतो. आपल्या वाड्या लहान. एकाची एका वेळची तोडणी दोन टन धरली, तर एक व्हॅन भरायला बारा बागायतदार लागतील. ते एका दिवशी, एकाच प्रतीचा माल घेऊन आले पाहिजेत. तेही एकदाच नव्हे, दर आठवड्याला. गाडी नियमित हवी असेल, तर मालही नियमित हवा. म्हणून आधी गट करावा व तोडणीचे वार ठरवावेत. नंतर रेल्वेच्या पार्सल कार्यालयात जाऊन कोणत्या स्थानकावरून, कोणत्या गाडीला व्हॅन मिळेल, भाडे किती, हे लेखी विचारून घ्यावे.

पाठवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

१. लांबच्या बाजारासाठी केळी पाऊण पक्वतेला, सकाळी लवकर तोडावी. घड जमिनीवर न टेकवता फण्या वेगळ्या कराव्यात.

२. तोडलेला माल सावलीत निववूनच भरावा. फळ तोडल्यावरही श्वसन करते व उष्णता सोडते. गरम माल बंद व्हॅनमध्ये भरला, तर तो वाटेतच पिकू लागतो.

३. पिकलेला घड कच्च्या मालात मिसळू नये. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारचा मालही पिकतो.

४. शीतवाहन मिळाले, तरी केळी १३ अंश सेल्सियसच्या खाली नेऊ नये, साल काळी पडते.

५. क्रेट किंवा करंड्या रचताना हवा खेळण्यास फटी ठेवाव्यात. प्रत्येक नगावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव आणि नगांची संख्या ठळक लिहावी.

पावती वाचावी

माल "मालकाच्या जोखमीवर" घेतला आहे की "रेल्वेच्या जोखमीवर", हे पावतीवर पाहावे. दोन्हींचे दर आणि जबाबदारी वेगळी असते. माल खराब दिसल्यास ताबा घेताना खुली डिलिव्हरी मागावी, म्हणजे नुकसान रेल्वेच्या माणसासमोर नोंदले जाते. रेल्वे अधिनियम १९८९ नुसार भरपाईची नोटीस माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. पावती हरवली किंवा मुदत गेली, तर खरा दावाही लंगडा पडतो.

पुढे काय

केवळ मालगाड्यांसाठी बांधलेला पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग दादरीपासून उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरचा आहे. तो आपल्याच पालघर जिल्ह्यातून जातो. वैतरणा ते बंदर हा १०२ किलोमीटरचा तुकडा सर्वांत शेवटी राहिला. मालगाड्या त्या मार्गावर वळल्या, की प्रवासी गाडीसाठी लूप लाइनवर उभे राहणे टळते व जुन्या मार्गावरची गर्दीही हलकी होते. परंतु मार्ग मोकळा झाला, म्हणून आपली व्हॅन आपोआप भरणार नाही. रुळावरचे तास रेल्वेने वाचवायचे. तोडणीपासून व्हॅनचे दार बंद होईपर्यंतचे तास मात्र आपल्या हातात आहेत.

तेव्हा येत्या हंगामात प्रथम एकच व्हॅन, एकच पीक आणि एकच बाजार धरून प्रयोग करून पाहावा. तोडणी केव्हा झाली, माल केव्हा चढला, केव्हा पोचला, किती टक्के खराब निघाला आणि पट्टी किती आली, याची नोंद वहीत ठेवावी. ट्रकच्या हिशेबाशेजारी ती मांडली, की रेल्वे परवडते की नाही हे तुमची वहीच सांगेल.