देखरेखीचे अंतर



गेल्या वर्षी दिल्लीच्या एका रुग्णालयात मी बारा दिवस होतो. एके सकाळी एक शिकाऊ परिचारिका इंजेक्शन घेऊन माझ्या खाटेशी आली. मागे उभ्या असलेल्या शिक्षिका सिस्टरांनी तिला शांतपणे विचारले, "रोग्याचे नाव विचारलेस का?" तिने विचारले, औषध शेजारच्या खाटेचे निघाले. सिस्टर माझ्यादेखत तिला एक शब्दही बोलल्या नाहीत. नंतर बाजूला नेऊन घडला प्रकार तिच्याकडूनच लिहवून घेतला, आणि दुपारी माझे इंजेक्शन तिच्याच हातून देवविले.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका-शाळा निघाली, तेव्हापासून या शिक्षणाचा मोठा भाग वॉर्डात, सिस्टरांच्या नजरेखाली होत आला आहे. फायलीतील चूक उद्या सुधारता येते. शिरेत गेलेले औषध परत घेता येत नाही. म्हणून देखरेख करणाऱ्याने वेळेवर पोहोचता येईल इतके जवळ, आणि शिकणाऱ्याचा हात मोकळा राहील इतके दूर उभे राहावे. धास्तावलेली मुलगी चूक लपविते, आणि लपविलेली चूक रोग्यास भोवते.

तीस वर्षे मी कनिष्ठांच्या टिपणांवर लाल शाई चालविली. त्या खाटेवरून उठल्यापासून ती जपून वापरतो.